मशीनकाका बरे होतात

सकाळी साडेसातला मशीनकाकांच्या पुढ्यात जी वाटी यायची, तिच्यात काय आहे हे विचारण्यात अर्थ नव्हता. विचारलं की उत्तर मिळायचं, आणि उत्तर ऐकून उरलीसुरली भूकही मरायची. ओट, जवसाची पूड आणि कोमट पाणी. मीठ नाही, साखर नाही. बाजूला मोजून चार अक्रोड. अक्रोड मेंदूसारखा दिसतो म्हणून तो मेंदूला चांगला, असं काकू कुठूनतरी ऐकून आल्या होत्या.

"मग गुडघ्यासाठी काय, बिजागरी खायची?" काकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. त्यावर काकूंनी शिट्टी फुंकली होती.

शिट्टी खरीखुरी होती. काकू तीस वर्षं शाळेत कवायत शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि तेव्हापासून रांगेत उभं करायला त्यांना कोणी सापडत नव्हतं. मग ज्येष्ठांच्या मंडळात एका डॉक्टरबाईंचं व्याख्यान झालं. म्हातारपणी मेंदू जपायचा तर चाला, बेताने खा, माणसांत राहा, असं साधंच सांगितलं त्या बिचारीने. काकूंनी त्यातलं माणसांचं तेवढं सोडलं आणि बाकीच्याचं वेळापत्रक करून फ्रिजवर चिकटवलं. सहा वाजता गच्चीवर कवायत, सव्वासहाला एका पायावर उभं राहून उलटे आकडे, साडेसहाला डाव्या हाताने दात घासणे. दात घासून झाले की काकांच्या शर्टावर निम्मी पेस्ट असायची.

बरं, मेंदूला झालं होतं काय, तर काहीही नाही. काका अडुसष्ट वर्षांचे. शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान चाळीस वर्षांचं. गिऱ्हाइकाचं तोंड विसरतील, पण त्याच्या मशीनचा दोरा कुठे तुटतो ते विसरायचे नाहीत. पण हे बायकोला सांगायची हिंमत या माणसात कधीच नव्हती. तोंडावर बोलायचं सोडून टोमणे मारायचे, ही त्यांची जुनी खोड.

त्या सोमवारी त्यांनी असाच एक टोमणा मारला. रिकामी वाटी हातात धरून ते म्हणाले, "अगं, नाश्ता कधी देणार आहेस?"

"अहो, आत्ताच नाही का खाल्लात?"

"मी? नाही बुवा."

काकूंचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरलेल्या माणसाला ओट ढवळत बसायला वेळ नसतो. हाताला लागला तो पाव त्यांनी भाजला, पाहुण्यांसाठी दडवलेलं लोणी त्यावर थापलं आणि चहात दोन चमचे साखर घातली. काकांनी डोळे मिटून खाल्लं. दोन महिन्यांनी तोंडाला चव आली होती.

इथे शहाण्या माणसाने थांबायचं. काका थांबले नाहीत. मंगळवारी ते पुन्हा नाश्ता विसरले, बुधवारी दुपारचं जेवण विसरले, गुरुवारी साखर बंद असल्याचंच विसरले. लोण्याची सवय लागलेल्या जिभेने अक्कल पार गहाण टाकली. शुक्रवारी तर त्यांनी ताटावर बसल्या बसल्या बायकोकडे प्रेमाने पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही जेवलात का, बाई?"

काकूंनी मुलाला फोन लावला.

चार महिने न फिरकलेला मुलगा अर्ध्या तासात हजर झाला. आईवडिलांवर त्याचं प्रेम होतंच, पण वडिलांच्या गाळ्यावर जरा जास्त होतं. मोबाईलची कव्हरं विकणारा त्याचा एक मित्र त्या गाळ्यासाठी वर्षभर मागे लागला होता.

"बाबा, दुकानाच्या किल्ल्या माझ्याकडे असू देत," तो अगदी हळुवार आवाजात म्हणाला. "सुया, मोटारी, करंट. उगाच काहीतरी होऊन बसायचं."

आता काकांच्या पोटातलं लोणी गोठलं. "अरे, मी नाटक करत होतो. पावासाठी."

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं.

"डॉक्टरबाई म्हणाल्याच होत्या," काकू डोळे पुसत म्हणाल्या. "आपलं काही बिघडलंय हे माणसाला पटतच नाही म्हणून."

"अगं, माझं काहीही बिघडलेलं नाही."

"बघ. म्हणाले."

डॉक्टरबाईंची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. तोवर किल्ल्या मुलाच्या खिशात आणि काका काकूंच्या ताब्यात. कवायत दुप्पट झाली. पाव, लोणी, साखर घरातून हद्दपार झाली, कारण आजार आता सिद्ध झाला होता. रोज फिरायला जाताना दुकानावरून जावं लागायचं. एकदा शिवणकाम करणारी एक बाई बंद शटरसमोर चादरीत गुंडाळलेलं मशीन घेऊन बसली होती. काकांनी उभ्या उभ्या चाक फिरवून आवाज ऐकला. शटल घासत होतं. पाच मिनिटांचं काम, पण हत्यारं आत आणि आपण बाहेर. काकांना भर रस्त्यात रडू आलं.

मागून शिट्टी वाजली. "थांबायचं नाही. नाडी उतरते."

तपासणीच्या दिवशी डॉक्टरबाईंनी पाच शब्द सांगितले आणि ते लक्षात ठेवायला सांगितले. काकांनी ते सुलट सांगितले, मग कोणी न विचारता उलटही सांगितले. शंभरातून सात सात वजा करत ते दोनपर्यंत धडाधड उतरले. डॉक्टरबाई हसायला लागल्या तेव्हा काका म्हणाले, "तुमच्या आईंचं काळं पायमशीन. पट्टा सारखा निसटायचा. तुम्ही दप्तर घेऊन माझ्या स्टुलावर बसायचात आणि बॉबिनी मोजायचात. एकदा एक खिशात घातलीत."

"तीसपैकी तीस," डॉक्टरबाई लाजून म्हणाल्या. मुलाचं तोंड एवढंसं झालं.

"पण हे तर बायकोला ओळखत नव्हते ना?" डॉक्टरबाईंनी कागद चाळले.

"मला बाई म्हणाले हो," काकू म्हणाल्या.

"मग या तीन आठवड्यांत केलंत तरी काय?"

काकूंनी पर्समधून वेळापत्रक काढलं. फ्रिजवरून जपून सोडवलेलं, चार घड्या घातलेलं. डॉक्टरबाई एकेक ओळ वाचत गेल्या तशा त्यांच्या भुवया वर चढत गेल्या.

"बाबा तेव्हा म्हणत होते की त्यांनी नाटक केलं," मुलगा मोठ्या आशेने म्हणाला.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "असं म्हणत होते? कधीपासून?"

काकांनी पेनाकडे पाहिलं. मग मुलाच्या खिशाकडे पाहिलं, जिथे किल्ल्यांचा फुगवटा दिसत होता. खरं बोललो तर आपण आजारी आणि खोटं बोललो तर बरे, हे त्यांच्या तीसपैकी तीस डोक्यात एका क्षणात शिरलं.

"छे, मला तर त्यातलं काहीच आठवत नाही," ते म्हणाले. "ओटानेच गुण आला."

"आणि कवायतीने," काकूंनी आठवण करून दिली.

"आणि कवायतीने."

डॉक्टरबाईंनी कागदावर लिहिलं, 'हेच कायम चालू ठेवावे', आणि 'कायम'खाली रेघ मारली. पुढच्या व्याख्यानाला काकूंनीच बोलावं आणि काकांना शेजारी बसवावं, असा आग्रहही केला. मुलाने निघताना किल्ल्या टेबलावर ठेवल्या. काकांचा हात पुढे झाला, पण काकूंचा आधी पोचला.

दुकान आता रोज नऊला उघडतं. साडेसातला वाटी येते. ती संपली की काकू ती उजेडाकडे धरून तळ पाहतात आणि विचारतात, "काय खाल्लंत?"

"ओट. जवस. चार अक्रोड."

"साखर?"

"नव्हती."

मग किल्ली मिळते.