मॉनिटर बायकोचा, कार्ड माझं

"ग्राफिक्स कार्ड मी आणतो," असं मी म्हणालो आणि तिथेच माशी शिंकली.

बायको लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. तिने हौसेने मोठा फोर-के मॉनिटर घेतला, पण आमच्या जुन्या कॉम्प्युटरला तो नव्या ग्राफिक्स कार्डाशिवाय झेपेना. तिने काढलेला वाघ पडद्यावर धुक्यात हरवलेल्या मांजरासारखा दिसायला लागला. (मला ते मांजर आवडलं होतं. पण हे बोलून दाखवायला नको होतं.) संध्याकाळपर्यंत चित्रं प्रकाशकबाईंना पाठवायची होती, आणि जुना मॉनिटर मी उत्साहाच्या भरात सकाळीच शेजाऱ्यांना देऊन टाकला होता.

"नीट विचारून घ्या हं," बायको म्हणाली.

"अगं, विमा कंपनीत काम करतो मी! बारीक अक्षरं वाचण्यात हयात गेली."

दुकानदाराने विचारलं, "गेम खेळता?"

"छे हो, वाघ बघायचाय."

त्याने माझ्याकडे जरा जपूनच पाहिलं आणि परवडणारी दोन कार्डं समोर ठेवली. एक छोटं, एका पंख्याचं; एक भलं लांब, दोन पंख्यांचं. "चित्रांना दोन्ही पुरतील. किंमतही सारखीच."

"मग मोठं द्या!" (फुकटात मिळणारा जादा पंखा कोण सोडतो?)

"केस लहान नाही ना?"

मी डोक्यावरून हात फिरवला. "लहानच आहेत. कालच कापले."

तो पोट धरधरून हसला. "भारी आहात, साहेब!" म्हणत त्याने कार्ड बांधून दिलं. आपल्याला विनोद जमतो, या आनंदात मी घरी आलो.

कार्ड कॉम्प्युटरमध्ये जाईना. सरळ घातलं, तिरकं घातलं, दम दिला. शेवटी गुडघा लावणार, तेवढ्यात बायको धावत आली.

"अहो, काय करताय? केस लहान आहे आपली!"

"तुलाही माझे केसच दिसतात का गं?"

"केस म्हणजे हा डबा!"

मी पुन्हा दुकानात. दुकानदाराने कार्ड बदलून दिलं, पण त्याआधी शेजारच्या दोन दुकानदारांना बोलावून माझ्यादेखत सगळा किस्सा ऐकवला.

छोटं कार्ड मात्र झकास बसलं. आमच्याकडे राहायला आलेल्या सासूबाईंनी टॉर्च धरला होता. मी ऐटीत बटण दाबलं. पडद्यावर पुन्हा तेच धुकं, तेच मांजर!

"कार्डच खराब दिलंय त्याने!" मी गरजलो. स्क्रू काढले, परत लावले. मॉनिटरला दोन थापट्याही मारल्या.

"जावईबापू, तो काय ढोल आहे?" सासूबाई म्हणाल्या.

बायकोने मागे वाकून पाहिलं. "अहो, मॉनिटरची वायर जुन्याच पोर्टमध्ये आहे. नव्या कार्डाला लावलीच नाही तुम्ही."

तिने वायर बदलली. वाघाची एकेक मिशी मोजता येईल असा लख्ख पडदा! ती तशीच कामाला बसली आणि चित्रं वेळेत गेली.

संध्याकाळी ती मैत्रिणीशी फोनवर बोलत होती. मी सहज (म्हणजे मुद्दाम) दाराशी थांबलो.

"हो गं, कार्ड आमच्या ह्यांनीच आणलं. बसवलंही ह्यांनीच!"

माझी छाती फुगली. मैत्रिणीच्याही मदतीला जायला मी स्क्रूड्रायव्हर खिशात घातला, पायात चपला सरकवल्या.

"तुझ्याकडे पाठवू? पण तुझा कॉम्प्युटर नीट चालतोय ना आत्ता?" बायको म्हणाली. "मग तसाच नीट चालू दे की!"