भोपळ्याचे डोनट आणि खाटेखालची बॅग

शरद ऋतूचा मसाला लातुरात कुठे मिळतो, असं ईश्वरप्पांनी शेजारच्या जगदेवीबाईंना विचारलं, तेव्हा त्या धुणं वाळत घालत होत्या. ऑक्टोबरचं ऊन असं की पहिली साडी टाकून दुसरी झटकेपर्यंत पहिली वाळत होती. हातातलं ओलं धोतर तसंच धरून त्यांनी ईश्वरप्पांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"कशात घालतेत त्यो?"

"डोनटात. दालचिनी, लवंग, सुंठ, जायफळ. सूनबाईनं लिहून धाडलंय."

"अगं बया! ही तर बाळंतिणीची औषधं की. तुमच्या घरी कोण बाळंतीण हाय?"

कोणी नव्हती. घरात कोणीच नव्हतं, हीच तर सगळी रड होती. पत्नी उमादेवी जाऊन अकरा महिने झाले होते. गंजगोलाईच्या बाजारातलं कापडाचं दुकान त्याआधीच मोडलेलं. सकाळी लिंगपूजा, दुपारी डब्यातलं जेवण, संध्याकाळी टीव्हीवर एकमेकांवर ओरडणारी माणसं, एवढाच दिवस. पुण्याहून मुलगा अमरेश दर रविवारी फोनवर विचारी, "आप्पा, करमतंय ना?" आणि ईश्वरप्पा दर रविवारी ठोकून देत, "मला काय धाड भरली? मजेत हाय!" फोन ठेवला की घर त्यांना खायला उठे.

तीन आठवड्यांपासून त्यांच्या खाटेखाली बॅग भरून ठेवलेली होती. चार धोतरं, गोळ्या, उमादेवींचा फोटो गुंडाळायला एक टॉवेल. पण चाळीस वर्षं गादीवर बसून गिऱ्हाइकाला 'घ्यायचं तर घ्या' म्हणणारा माणूस पोटच्या पोराला 'मला घेऊन चल' कसं म्हणणार? म्हणून त्यांनी डाव आखला. या रविवारी अमरेश, सून वर्षाराणी आणि नऊ वर्षांची नात अक्षरा येणार होते. अक्षराचा डोनटवर जीव. सुनेनं पाठवलेल्या एअर फ्रायरमध्ये ईश्वरप्पा आजवर फक्त शेंगदाणे भाजत होते. आता त्यात डोनट करायचे. नात खूश होऊन म्हणणार, "आज्जा, आमच्याकडेच चला." लेकराचा शब्द मोडवत नाही, असं म्हणत बॅग ओढायची. मागणं नाही आणि मिंधेपणाही नाही.

'एकदम सोपे डोनट,' असं सुनेनं वर लिहिलं होतं. भोपळा उकडला, तो पाणचट निघाला. पीठ सैल झालं म्हणून मैदा घातला, घट्ट झालं म्हणून दही घातलं, आणि असं करता करता दोन वाट्यांचं पीठ परातभर झालं. ते हातांवरून कोपरावर आणि कोपरावरून चष्म्यावर गेलं. पेल्यानं गोल कापले, मधलं भोक डोळ्यांच्या औषधाच्या टोपणानं पाडलं. फ्रायर लावला आणि चौथ्या मिनिटाला लाईट गेली.

"तुमच्याकडं लाईट हाय का ओ?" त्यांनी भिंतीवरून विचारलं.

"न्हाई! माझ्या घरला काय येगळी तार हाय का?" जगदेवीबाई ओरडल्या.

पाऊण तासानं लाईट आली, तोवर डोनट वरून सुकले होते आणि आतून रडत होते. ईश्वरप्पांनी ते पुन्हा भाजले. रंग बरा आला. राहिली होती फक्त वरून भुरभुरायची पिठीसाखर. ती त्यांनी सकाळीच दळून, मुंग्या लागू नयेत म्हणून देवघराच्या फळीवर स्टीलच्या डबीत ठेवली होती. उमादेवींना कोणतीही वस्तू जोडीनं घ्यायची सवय. त्याच फळीवर तसल्याच दुसऱ्या डबीत विभूती होती. चष्मा बादलीत भिजत पडलेला. ईश्वरप्पांनी घाईघाईनं अंघोळ केली, लिंगपूजा केली, एका डबीत तीन बोटं बुडवून ती कपाळावर ठसठशीत ओढली आणि दुसरी डबी डोनटांवर सढळ हातानं झटकली.

तेवढ्यात दारात गाडी वाजली.

पाहुणे बसले, पाणी झालं, डोनट आले. तिघांनी एकदमच घास घेतला. तिघांचेही जबडे एकदमच थांबले.

"आज्जा," अक्षरानं विचारलं, "तुमच्या कपाळावर एवढ्या माशा का बसतायत?"

ईश्वरप्पांनी माशा हाकलल्या. त्या परत आल्या. कपाळावरून घामाचा ओघळ नाकावरून ओठावर उतरला. त्यांनी जीभ फिरवली. घाम गोड लागला. झालेलं सगळं त्यांना एका क्षणात कळलं.

"र्‍हाऊ द्या, खाऊ नका ते!" ते कसेबसे म्हणाले.

"का ओ आप्पा? झकास झालेत," अमरेश म्हणाला आणि त्यानं दुसरा उचलला. मग तिसरा. वर्षाराणीनं अक्षराकडे डोळे वटारून पाहिलं. अक्षरानं शहाण्या मुलीसारखा एक अख्खा संपवला आणि ती दोन पेले पाणी प्यायली.

"खरं सांगू आप्पा?" निघायच्या वेळी अमरेश म्हणाला. "आम्ही तुमाला न्यायला आल्तो. वर्षानं खोलीबी रिकामी केली होती. रस्ताभर वाटायलं, तुमी हितं एकटे उपाशी पडले असताल. पण तुमी तर डोनट करायलाव! चांगलेच रमलाव. आता कुठल्या तोंडानं चला म्हणू?"

ईश्वरप्पांनी तोंड उघडलं. चाळीस वर्षांची गादी आडवी आली.

"हाव," ते म्हणाले. "मला काय धाड भरली?"

गाडी गेली. ताटात एक डोनट उरला होता. ईश्वरप्पांनी तो तोंडात घातला. आत कच्चा भोपळा, वर राख. असा घास त्यांनी आयुष्यात खाल्ला नव्हता. पोरानं असे तीन खाल्ले होते. त्यांना रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. त्यांनी फोन लावला.

"अमरेश, कुठवर गेलाव?"

"मुरूड आलं. का ओ?"

"डोनट लई वाईट झाल्ते."

"ठाऊक हाय, आप्पा. वरून विभूती होती ना?"

"तुला कळ्ळं?"

"लहानपणी ताप आला की आई चिमूटभर जिभेवर ठेवायची. तीच चव. म्हणून तर तीन खाल्ले."

यावर ईश्वरप्पांनी पुढचं वाक्य बोलायला हवं होतं. ते जिभेच्या टोकाशी आलं होतं. पलीकडे अमरेशही थांबला होता.

"बरं," ईश्वरप्पा म्हणाले. "हळू जा."

फोन ठेवून त्यांनी खाटेखालची बॅग बाहेर ओढली, उघडली आणि उमादेवींच्या फोटोसाठी ठेवलेल्या टॉवेलनं कपाळावरची साखर पुसली. मग टॉवेल पुन्हा घडी करून आत ठेवला, चेन लावली आणि बॅग खाटेखाली सरकवली. या वेळी मात्र मूठ बाहेरच्या बाजूला ठेवली, घराच्या दारातून सहज दिसेल अशी.