आधी शेवट

गाडेकर मास्तर मराठी पुस्तक नेहमी मागून उघडत. त्यांचं सगळं शिक्षण निजामाच्या राज्यात उर्दूत झालेलं, आणि उर्दू पुस्तक त्याच बाजूनं उघडतं. पोलीस ॲक्शन झाली, औरंगाबादच्या शाळा मराठी झाल्या, मास्तरही मराठी शिकवू लागले. त्यांचा हात मात्र निजामाकडंच राहिला. त्यामुळं घरून आणलेल्या गोष्टीच्या पुस्तकातही पहिली नजर शेवटच्या ओळीवर. ती ते वर्गाला मोठ्यानं वाचून दाखवत आणि पुस्तक फटकन मिटत.

"असं का झालं मास्तर?" पोरं ओरडत.

"मला काय इचारता? पुस्तकाला इचारा! मीच वाचायचं अन् तुमी नुसतं ऐकायचं, हा काय इन्साफ झाला?"

हा इन्साफ त्यांच्या तोंडी उठता-बसता. चहा गार आला, सायकल पंक्चर झाली, की इन्साफ बुडालाच. पण खरं वैर व्हरांड्यातल्या कुलूपबंद कपाटाशी. पुस्तकं फाटतील म्हणून हेडमास्तर ती फक्त तपासणीला बाहेर काढत. "अन् न वाचता वाळवीनं खाल्ली तर चालतं व्हय?" मास्तर विचारत.

मी शेजारच्या वर्गावर होतो. अख्खा वर्ग एका सुरात धडा म्हणू लागला की रस्त्यावरची माणसं थांबून कौतुक करत. मला आजही त्याचा संताप येतो. पोरांना धडा पाठ आणि अक्षराशी ओळख नाही, आणि याला आम्ही वाचन म्हणून गुण देत होतो!

एक दिवस बिरू धनगर आपल्या शेवंताला शाळेतून काढायला आला.

"हेडमास्तर म्हणले, पोरगी घडाघडा वाचती. मंग झालं की. आता मेंढरं राखंल."

मास्तर लालबुंद झाले. त्यांनी शेवंतापुढं धड्याचं पुस्तक उलटं धरलं. "वाच!" शेवंतानं धडा खडाखडा म्हणून दाखवला.

"बगितलं?" मास्तर गरजले.

"बगितलं की!" बिरूची छाती फुगली. "उलटं धरलं तरी वाचती! लई हुशार हाय!"

मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. मग हेडमास्तरांच्या हातातून किल्ली जवळजवळ हिसकावून कपाट उघडलं, एक पुस्तक काढलं आणि सवयीनं मागून उघडून वाचलं: "मग लांडगिणीनं ते कोकरू मेंढीजवळ आणून सोडलं." फटकन मिटलं.

"लांडगीण? अन् कोकरू माघारी?" बिरू भडकला. "खोटं हाय! आमची हयात गेली मेंढरांत. का म्हणून सोडंल ती?"

"शेवंता वाचून सांगंल. ही गोष्ट व्हईस्तोवर पोरगी माझी."

बिरू चरफडत कबूल झाला. किल्ली काही हेडमास्तरांना परत मिळाली नाही.

शाळा सुटली की शेवंता व्हरांड्यात बसून बोट ठेवून वाची. आधी एकेक अक्षर, मग शब्द. अडली तर मास्तर चटकन सांगत नसत, वाट बघत. दिवाळीनंतर ती वाचता वाचता स्वतःशी हसायला लागली. बिरू बाहेर काठी टेकून उभा, कान आत. मास्तरांची बायको कधीच गेलेली, मूलबाळ नाही. खोलीवर जायची त्यांना घाई नसायची.

एका संध्याकाळी शेवटून दुसरं पान आलं. मेंढी गुहेपाशी बें बें करत राहिली. लांडगिणीची पिल्लं त्या आवाजानं झोपेनात. शेवंतानं पान उलटलं आणि मास्तरांनी त्यावर पंजा ठेवला.

"शेवट उद्या."

"तुमाला तर ठावं हाय की मास्तर!"

"ठावं हाय गं." मास्तरांचा पंजा हलला नाही. "पण तू वाचलंस की मेंढरांकडं जाशील. हा काय..."

बिरू आत आला. "हात काढा मास्तर. वाचू द्या तिला."

शेवंतानं शेवट वाचला, कुठंही न अडखळता. बिरूनं पटक्याच्या शेवानं तोंड पुसलं.

"आता दुसऱ्या पुस्तकाचा शेवट सांगा," तो म्हणाला.

मास्तरांनी पुस्तक शोधायला कपाटात डोकं घातलं आणि बराच वेळ बाहेर काढलंच नाही.