विश्रांतीची वेळ

ट्राउडलबाईंना हनुवटीपर्यंत पांढऱ्या चादरीत गुंडाळून मालिश करणारी इम्के बजावून गेली, की मालिशनंतरची विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे. घंटी वाजेपर्यंत हलायचं नाही, बोलायचं नाही. जाताना तिनं पडदे ओढले आणि दिवा मंद केला. ब्लॅक फॉरेस्टमधल्या त्या आरोग्यधामात तिचा शब्द म्हणजे कायदा.

कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या गाठी काढल्यापासून बाईंचा उजवा हात सुजून भोपळा झाला होता. हातात साठलेलं पाणी हळूहळू वाटेला लावायचं, असलं हे मालिश. तेही इतकं हलकं, की पहिल्या दिवशी बाईंना वाटलं, ही पोरगी हात लावायलाच घाबरते. रविवारी नातीचा बाप्तिस्मा होता आणि तिला वेदीपर्यंत आपणच उचलून न्यायचं, एवढी एकच हाव बाईंना उरली होती. पण इम्के रोज नाही म्हणायची. इतक्यात वजन उचलायचं नाही.

आज मात्र हात जागेवर आहे की नाही, तेच कळेना. बाईंना बरं वाटलं, आणि थोडी भीतीही वाटली.

दार करकरलं. तंबाखूचा वास आला, म्हणजे गावातले म्हातारे फादर कोर्बिनियान. ते आजाऱ्यांना भेटायला यायचे. त्यांची नजर अधू. अंधारात चादर आणि मिटलेले डोळे पाहून ते पलंगाशी थबकले.

"अरे देवा," ते पुटपुटले. "आपली ट्राउडल गेली."

बाई ओठ उघडणार, तोच आठवलं, घंटी वाजलेली नाही. त्या खोऱ्यातली माणसं एक वेळ मरणाशी वाद घालतील, नियमाशी नाही.

आत्म्याला बाहेर पडायला वाट हवी, म्हणून फादरनी खिडकी सताड उघडली. झाडांमधलं धुकं आत सरकलं आणि बाईंच्या गालांवरून गार बोटं फिरवू लागलं. कपाळावर अंगठ्यानं क्रूस उमटला. मेलेल्यांसाठीची प्रार्थना सुरू झाली. हात जाणवत नाही, पाय जाणवत नाहीत, दुखत तर काहीच नाही. आपण खरंच मेलो असू तर? मग रविवारी पोरीला कोण घेणार? त्यांच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण फादरना तेही दिसलं नाही.

"बाई मनानं चांगली होती, देवा," फादर म्हणाले. "जिभेची तेवढी तिखट. आणि तिचा प्लमचा केक कोरडा व्हायचा, तेवढं पोटात घाल."

मरण सोसलं होतं, हे मात्र सोसवेना.

"केक कोरडा नसतो, फादर," चादरीतून आवाज आला. "तुमचे दात पडलेत."

फादर जागच्या जागी कोसळू लागले. बाईंनी चादर फेकून त्यांना वरच्यावर झेललं, पलंगावर निजवलं आणि सवयीनं हनुवटीपर्यंत गुंडाळलंही.

घंटीबरोबर इम्के आत आली. तिनं आधी फादरची नाडी पाहिली. ती ठीक होती. मग बाईंकडे वळली.

"यांना कुणी उचललं?"

"मीच."

"कुठल्या हातानं?"

बाईंनी उजव्या हाताकडे पाहिलं. तो जागेवरच होता. त्यांनी तोच पुढे केला. न विचारता वजन उचललं म्हणून इम्केनं त्यांना चांगलंच फैलावर घेतलं. मग तिनं फादरच्या पोटाच्या घेराकडे एकदा नीट पाहिलं.

"नात यांच्यापेक्षा हलकी असेल ना?" ती म्हणाली. "मग घ्या रविवारी. पण हाताला पट्टी बांधून."