ट्राउटच्या मुख्याध्यापिका

गजभियेकाकूंना मी नदीवर पहिल्यांदा गाठलं, तेव्हा माझ्या अंगात महाराष्ट्र मंडळाच्या ढोलपथकाचा भगवा टी-शर्ट होता, हातात चहाचा थर्मास होता आणि तोंडात "काकूऽऽ, चहा!" ही आरोळी होती. आरोळी ठोकून मी पाण्यात धप्पकन पाय टाकला.

काकू कमरेएवढ्या पाण्यात पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या वळल्या नाहीत. फक्त त्यांच्या हातातला मासेमारीचा रॉड सावकाश खाली आला.

"भाऊ," अगदी हलक्या आवाजात त्या म्हणाल्या, "बोर्डाचा पेपर चालू होता. तुम्ही बँड घेऊन आले."

ज्या ट्राउट माशाची त्या उजाडल्यापासून मनधरणी करत होत्या, तो बहुधा एव्हाना शेजारच्या राज्यात, अलाबामात, पोहोचला होता. मी थर्मास घेऊन तसाच उभा राहिलो. मला धक्का बसला तो बोलणी खाल्ल्याचा नव्हे. सत्तरी ओलांडलेली, नागपूरची, पेन्शनर बाई अमेरिकेत, जॉर्जियातल्या एका नदीत छातीपर्यंतची रबरी विजार घालून उभी आहे आणि मासा पळाला म्हणून मला रागवते आहे, याचा.

काकू नागपुरात मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. यजमान गेल्यावर मुलाकडे, आशिषकडे, इथे अल्फारेटाला आल्या. आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. आमच्याकडे असे आलेले आईवडील साधारणपणे साडीखाली स्नीकर्स घालून सबडिव्हिजनला, म्हणजे आपल्या कॉलनीला, फेऱ्या मारतात, ग्रोसरीत कोथिंबीर हुंगतात आणि नातवंडांशी मराठी बोलून इंग्रजीत उत्तरं ऐकतात. काकूंनीही हे सगळं केलं. मग एक दिवस कुठल्याशा दुकानातून त्यांनी रॉड आणला, रीतसर लायसन्स काढलं आणि पहाटे बुद्धवंदना आटोपून त्या चॅटाहूची नदीवर जायला लागल्या. वरच्या धरणाच्या तळाचं बर्फासारखं पाणी नदीत सोडतात, म्हणून जॉर्जियाच्या उन्हातही तिथे ट्राउट टिकतो. ही माहिती मला इथे वीस वर्षं राहून नव्हती. काकूंना दुसऱ्या महिन्यात होती.

ट्राउट गांडुळाला भुलतो, पण काकूंना ते 'गाइड वापरून पास होणं' वाटतं. त्या बारीक गळावर दोरा, पिसं आणि केस गुंडाळून खोट्या माश्या बनवतात आणि तयार माश्या अंबाड्यात खोचून ठेवतात. हो, अंबाड्यात. मोगऱ्याच्या गजऱ्याच्या जागी गळ. मंडळाच्या कोजागरीला अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी प्रेमाने त्यांना मिठी मारली आणि त्यांच्या पैठणीचा पदर थेट त्या माश्यांत अडकला. दुधाचे ग्लास हातात घेऊन आम्ही सगळे आ वासून बघत होतो. एकट्या काकू शांत होत्या.

"हलू नका बाई. ओढलं की आणखी रुतते. माशालाही हेच सांगते मी."

माश्यांसाठी लागणारे केस कुठून येतात, हे मला उशिरा कळलं. आमच्या कुत्र्याचे, लाडूचे, त्या फार लाड करायच्या. एकदा बघतो तर लाडूच्या कानामागे छोटंसं टक्कल! मी हबकलो. काकू म्हणाल्या, "आतले केस आहेत, पाण्यात मस्त फुलतात." मग माझ्याकडे जरा निरखून बघत, "भाऊ, मिशी कधी काढाल तं सांगजा."

त्या दिवसापासून त्या आल्या की माझा हात आपोआप मिशीवर जातो.

तुम्हाला ट्राउट मिळवायचा असेल, तर काकूंची शिकवणी ऐकाच. मी फुकट ऐकली आहे. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो, म्हणून त्याच्याकडे मागून, खालच्या अंगाने जायचं. काकूंच्या भाषेत, "हेडमास्तरनं वर्गात मागच्या दारानं शिरावं." नदीत उतरलं की आधी एक-दोन दगड उलटे करायचे. त्याखाली जे किडे वळवळतात, तशीच माशी गळावर लावायची: "पोरींच्या डब्यात आज काय आहे ते पाहा ना आधी." त्यांनी पहिला दगड उलटून त्याखालचा वळवळता ऐवज माझ्या तळहातावर ठेवला, तेव्हा मी जो आवाज काढला तो पुरुषाचा नव्हता, असं मेधा, म्हणजे माझी बायको, म्हणते. ती तेव्हा किनाऱ्यावर होती.

आणखी एक. वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे मिळतं, तिथे मासा असतो. दमायचंही नाही आणि खाणंही समोरून वाहत यावं, असा त्याचा हिशेब. "स्टाफरूममधे दारापाशी बसणारे मास्तर नसतात का, चहा पयला भेटते म्हणून? तसा." तिथे माशी सोडायची आणि ती पाण्याच्या वेगानेच वाहू द्यायची. जरा ओढली की ट्राउटला संशय येतो. सावली पडू द्यायची नाही, खडा वाजू द्यायचा नाही. "प्रश्न विचारला ना? मंग गप्प बसा. उत्तर येते."

आणि एवढं करून सापडलेला मासा त्या सोडून देतात. पाण्यातल्या पाण्यात गळ काढतात, दमलेल्या माशाला प्रवाहाकडे तोंड करून दोन्ही हातांत धरतात आणि शेपटी हलली की "ये हं" म्हणून निरोप देतात. मी कोल्हापूरचा. माझा जीव तीळतीळ तुटतो. एकदा म्हटलं, "काकू, तुम्ही मासे खाता की!"

"हौ. दुकानातला खाते. ओळखीच्याले कोणी खाते का जी?"

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग नदीत कुणीतरी वाहून जाता जाता वाचल्याची बातमी आशिषने वाचली. धरणातून पाणी सोडलं की नदी बघता बघता चढते. आशिषने मला फोन केला.

"काका, आईचं हे बंद करणार आहे मी. पण ती म्हणते, आधी कोणीतरी येऊन बघा. तुम्ही या शनिवारी तिच्याबरोबर जा आणि मला ऑनेस्टली सांगा, सेफ आहे का. तुम्ही नाही म्हणालात, तर तिचा रॉड मी गॅरेज सेलमध्ये काढतो."

म्हणजे काकूंची नदी माझ्या एका शब्दावर! माझ्या शब्दावर आमच्या घरात भाजीसुद्धा ठरत नाही.

शनिवारी काकूंनी निघण्याआधी धरणाच्या नंबरला फोन लावला. पाणी कधी सुटणार ते तिथे रेकॉर्ड केलेली बाई सांगते. काकूंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बरं ताई, ठेवते हं." मी म्हटलं, काकू, ती रेकॉर्डिंग आहे. "माहीत आहे ना. पण बोलते चांगली."

नदीवर त्यांनी मला भाड्याची रबरी विजार चढवायला लावली, जादाचा रॉड हातात दिला आणि मधल्या सपाट खडकाजवळ उभं केलं. किनाऱ्यालगतचा एक काळा दगड दाखवला. "ह्याचं बूड बुडालं की नदीतून बाहेर. मंग गळाला मासा असो नाही तं मगर." आमचा तास सुरू झाला. काकू पाण्यात अशा चालत होत्या की पाण्यालाही पत्ता नसावा. इतक्या अवजड विजारीत इतकं निःशब्द चालणं मी कधी पाहिलं नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्या किनाऱ्याकडे सरकल्या आणि मला खूण केली. दगडाचं बूड बुडालं होतं.

आणि नेमका तेव्हाच माझा रॉड वाकला. आयुष्यातला पहिला ट्राउट!

"एक मिनिट, काकू!"

"भाऊ, चला."

"एकच मिनिट!"

आता मला सांगा, कुणी सोडला असता? मी रीळ गुंडाळतोय, मासा उड्या मारतोय, मी फोटोसाठी फोनही चाचपतोय. खाली बघितलं तर गुडघ्याएवढं पाणी मांड्यांपर्यंत आलेलं. एक पाऊल टाकलं, पायाखालचा गोटा सरकला आणि मी एका गुडघ्यावर बसलो. गार पाणी विजारीत शिरलं. मला घाबरून ओरडायचं होतं, पण ओरडल्या काकू.

"उठाऽऽ! काठी सोडा हातातली! तोंड पाण्याकडे! आडवं चालायचं, खेकड्यावाणी! खाली पाहू नका, माझ्याकडे पाहा!"

काय तो आवाज! पलीकडच्या काठावरचा बगळा उडाला. एक गोरा मासेमार मुकाट्याने उभा राहिला. त्याला एक अक्षर कळलं नव्हतं. दोन ग्राउंडांपलीकडच्या मुलीची वेणी सरळ करणारा आवाज होता तो. मी रॉड सोडला, मासा सोडला, उठलो आणि खेकडा झालो. काकू परत पाण्यात आल्या होत्या, टेकायला आणलेला मॉपचा दांडा माझ्याकडे पुढे करून. त्याला धरून मी काठाला लागलो.

मी थंडीने लटलटत गाडीत बसलो. काकू मात्र हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"मायबाई! किती दिवसांनी ओरडले मी!"

"काकू, एवढा आवाज आहे तुमच्यात, मला माहीतच नव्हतं."

"कसा माहीत राहील? घरी आशिष वरच्या खोलीत मीटिंगमधे, सून खालच्या खोलीत मीटिंगमधे. कुकरची शिट्टी नको, खुर्ची सरकवणं नको, कॅमेऱ्यामागून जाणं नको. मी गेले तं सावलीसुद्धा पडू देत नाही भिंतीवर." त्यांनी चष्मा पदराने नाही, ओल्या बाहीनेच पुसला. "पयले लय जड गेलं. मंग हे मासे भेटले. म्हटलं, इतकं गुपचूप राहाणं शिकलीच आहे मी, तं कुठं कामी येऊ दे."

इतके दिवस मी ज्याला कसब म्हणून दाद देत होतो, ते हे होतं.

"हे आशिषले सांगू नका हं, भाऊ," त्या म्हणाल्या. "पोरगं लय मायाळू आहे. कानाचा हेडफोन काढून धावत येईन खाली. आणि मंग काय बोलावं, ते दोघांलेही सुचणार नाही. धोक्याचं मात्र खरं सांगा. खोटं नका बोलू."

मी आशिषला सगळं खरं सांगितलं. नदी चढली, कोणीतरी अडकलं, कोणीतरी वाचवलं.

"ओ गॉड! आई अडकली?"

"नाही रे. मी."

"म्हणजे सेफ आहे की नाही, काका?"

"आईसाठी आहे. माझ्यासाठी नाही."

शेवटी लाइफ जॅकेट घालण्याच्या अटीवर काकूंची नदी राहिली. "पण काका," फोन ठेवताना आशिष म्हणाला, "आई ओरडली? आमची आई?" त्याचा विश्वासच बसत नव्हता.

घरी येऊन मी चादरीत गुंडाळून बसलो आणि मेधाला गाडीतलं बोलणं सांगितलं. म्हटलं, बघ ना, भरल्या घरात माणूस सावलीसारखा वावरतो आणि घरच्यांना पत्ताच नाही! कमाल आहे की नाही या लोकांची!

मेधा आल्याचा चहा पुढे ठेवत म्हणाली, "तुझे कॉल सुरू झाले की मी मिक्सर गॅरेजमध्ये नेऊन चटणी वाटते. तुला काय वाटलं, आपला मिक्सर आवाज करत नाही?"