गुरुजींच्या अंगणातला कॉम्प्युटर

मेश्राम गुरुजींच्या घरी चहाला गेलं, की हुकूम नंबरानं सुटत. "दहा, चपला काढा. वीस, खाटेवर बसा. तीस, चहा घ्या." आपण कप तोंडाला लावणार, तोच, "थांबा! पंधरा राहिला. पाय धुवा!" बेसिक नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत ओळींना असेच दहा-दहाच्या अंतरानं नंबर देतात, मधे विसरलेलं काही घुसवता यावं म्हणून. "मानूस विसरते, हे जिले समजते तेच भाषा पयले शिकावं," असं गुरुजींचं ठाम मत होतं.

ही गोष्ट शहाऐंशी-सत्त्याऐंशीची. तुमसरच्या शाळेत ते गणित शिकवत, मी मराठी. राहायला दोघंही आंबागडला, भिंतीला भिंत लागून. गुरुजींनी कॉम्प्युटर डोळ्यानं पाहिलेला नव्हता. नागपूरहून दोन-चार जुनी पुस्तकं आणली होती, तेवढ्या भांडवलावर त्यांनी अंगणातच कॉम्प्युटर सुरू केला. शेजारीपाजारी रांगेत उभे, प्रत्येकाच्या हातात सूप, सुपात धान. बेसिकमधल्यासारखी एकेका अक्षराची नावं: एक जण ए, एक जण बी, मी बहुतेक वेळा सी. गुरुजी प्रोग्रामच्या ओळी वाचत, आणि धान या सुपातून त्या सुपात जाई. एकदा "परत वीसवर जा" असं लिहिलं, पण कधी थांबायचं ते लिहायलाच विसरले. आमचा शेजारी गणपत विहिरीपासून गोठ्यापर्यंत फेऱ्या घालतच राहिला. शेवटी त्याची बायको त्याला हाताला धरून जेवायला घेऊन गेली. गुरुजी मात्र बेहद्द खूश. "मशीन असंच करते! गनपत एकदम बरोबर चालून राहिला होता!"

आम्ही हसून हसून बेजार व्हायचो, पण घरी जाताना सगळं समजलेलं असायचं. असा शिक्षक मी दुसरा पाहिला नाही.

या सगळ्या खटाटोपाचं कारण होतं सुजाता, गुरुजींची एकुलती एक मुलगी. आई ती लहान असतानाच गेलेली. सुजाता बी.कॉम. झाली होती आणि तिला कॉम्प्युटर शिकून ऑफिसात नोकरी करायची होती. पहिली भाषा कोणती शिकायची, ते बाबांनी सांगायचं होतं. ऑफिसवाले कोबॉल मागतात, असं तिच्या मैत्रिणी म्हणत. कोबॉलचं नाव निघालं की गुरुजी उसळायचे. "ते भाषा म्हंजे सोयरीक जमवनं हाये! पयले नाव सांगा, गाव सांगा, मामा कोन ते सांगा, मंग कुठं पानी भेटते! तू बेसिक शिक, बाई."

"तुमी म्हनान तेच शिकीन, बाबा," सुजाता म्हणायची.

शेवटी एका रविवारी गुरुजींनी दोन्ही भाषांची अंगणात परीक्षा लावली. काम एकच, तीन घरांचं धान ज्याच्या त्याच्या नावावर जमा करायचं. बेसिकच्या वेळी आपण ए की बी हेच लोक विसरले आणि गणपतचं धान माझ्या सुपात आलं. कोबॉलच्या वेळी नाव-गाव सांगता सांगता सगळ्यांचा चहा निवून गेला. पण मग प्रत्येकाचं सूप पूर्ण नावानं ओळखलं जाऊ लागलं, आणि एक दाणाही इकडचा तिकडे झाला नाही.

"ऑफिसच्या कामाले कोबॉलच बरी दिसते, गुरुजी," मी म्हणालो.

लोक पांगले. गुरुजी खाटेवर बसून सुपातलं धान उगाच चिवडत राहिले.

"मले मालूम होतं, सर," ते म्हणाले. "बेसिकचा क्लास भंडाऱ्याले हाये. सांजच्या गाडीनं पोरगी घरी येते. कोबॉल नागपूरले. तिथं राहाच लागते." मग आवाज खाली आला. "मले हे घर खायाले उठन जी."

आणि लगेच त्यांनीच हाक मारली. "सुजाता! कोबॉल शिक. नागपूरले जाय."

ती दारातच उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. "अन् तुमच्या जेवनाचं, बाबा?"

"मले रांधता येते."

धादांत खोटं. गुरुजींना चूलसुद्धा धड पेटवता येत नव्हती. सुजाताची गाडी गेली, त्या संध्याकाळी मी त्यांना आमच्याच घरी जेवायला बसवलं. ते माझ्या बायकोला कोबॉलचे गुण सांगत होते, अगदी तोंड भरून. बोलता बोलता हातातला घास तसाच राहिला.

"सर," ते म्हणाले, "पोरगी जेवली असन ना जी?"