राज्य कुणावर?

एका जंगलात... कुठल्या ते विचारू नका. नकाशा उंदरांनी खाल्ला. आणि मागच्यांनी चुळबुळ बंद करा, नाहीतर गोष्ट इथंच संपेल.

तर एका जंगलात सगुणा नावाची साळिंदर राहायची. अंगभर काटे, पण स्वभाव लोण्यासारखा.

त्या जंगलात गोष्ट एकच होती. सात शिंगांच्या राक्षसाची. दर सणाला कोल्होबा प्रधान ती सांगायचे. सिंह राक्षसाला मारतो. हत्ती वाट देतो. ससे टाळ्या वाजवतात. पिढ्यान्‌पिढ्या ससे टाळ्याच वाजवत होते. पंजे सुजले हो बिचाऱ्यांचे!

सगुणाच्या मनात आलं, एकदा सशालाच लढू दिलं तर?

तिनं सांबराच्या गळालेल्या शिंगाचा फासा घडवला आणि सगळ्यांना वडाखाली बसवलं. म्हणाली, "गोष्ट तीच. पण ज्याला जे व्हायचंय ते त्यानं व्हावं. काय करणार ते बोलायचं, मग फासा टाकायचा. जमलं की फसलं, ते फासा सांगेल. बाकी राक्षस, डोंगर, वादळ, वाटेतला भजीवाला, हे सगळं मी बघते."

"म्हणजे राज्य तुझ्यावर," गोदाक्का म्हैस म्हणाली.

लपाछपीत तुमच्यावर येतं ना, तेच हे राज्य. एकानं डोळे मिटून शंभर मोजायचे आणि बाकीच्यांनी मजा मारायची.

मग काय विचारता! नुसता धुडगूस! ससा झाला सरदार उंचसिंग. गोदाक्का झाली नाजूक परी.

"मी अलगद फांदीवर बसते," गोदाक्का म्हणाली. फासा पडला. एक.

"फांदी मोडली," सगुणा म्हणाली. "आणि खाली राक्षस घोरत होता."

राक्षस चपटा झाला. सगळे हसून हसून लोळले. ससा तर उचकी लागून पडला.

"मूळ गोष्टीत म्हैस नाहीच मुळी!" कोल्होबा ओरडले.

"आता आहे," गोदाक्का म्हणाली.

खेळ रोज रंगायला लागला. रोज खेळ संपला की सगुणा विचारायची, "उद्या राज्य कोण घेतं?" लगेच सशाला घरची आठवण यायची आणि गोदाक्काचं कंबरडं दुखायचं. सगुणा हसून सोडून द्यायची. पण आतून तिला फार वाईट वाटायचं. कारण खेळायचं तर तिलाही होतं. तिनं पहिल्याच दिवशी एका पिंपळपानावर आपलं सोंग लिहून ठेवलं होतं:

भिंगरी. वजन: नाहीच. काटे: एकही नाही. उडते: हो. शेजारी कोण बसतं: सगळे.

पान ती काट्यांत खोचून हिंडायची. चाळीस दिवस झाले होते.

इकडे कोल्होबा धापा टाकत सिंहाच्या गुहेत गेले. "महाराज, घात झाला! राज्य सगुणावर गेलं!"

"कुणी दिलं?"

"म्हशीनं!"

महाराज तसेच उठले. वडाखाली येऊन त्यांनी अशी डरकाळी फोडली की वरचं माकड खाली आलं. "माझं राज्य घेतेस?" म्हणत त्यांनी पंजा उगारला. सगुणाची बोबडी वळली. तिनं मूठ ओठांना लावली आणि किंचाळली, "टाइमप्लीज!"

पंजा हवेतच राहिला. टाइमप्लीजमध्ये मारायचं नसतं, हे जगातल्या कुठल्याही बछड्याला ठाऊक असतं. महाराजही कधीतरी बछडे होतेच की.

"महाराज, हे राज्य तसलं नाही हो," सगुणा घाईघाईनं म्हणाली. "हे कुणालाच नको असतं. तुम्हाला हवंय? घ्या! आत्ता घ्या! पाया पडते!"

बोलता बोलता तिनं काट्यांतलं पान उपसलं. घेतलं यांनी, तर आज भिंगरी उडणार!

महाराज मटकन खाली बसले. "अगं, माझंही तसलंच आहे," ते म्हणाले. "किती वर्षं म्हणतोय, घ्या कुणीतरी. सगळे मुजरा करतात आणि पळतात. आणि हे पान कसलं?"

त्यांनी पान वाचलं. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर अडली.

"शेजारी सगळे बसतात?" त्यांनी हळूच विचारलं. "मला हीच हवी."

सगुणानं नाही म्हणावं, तर समोर राजा. पण राजाला भिऊन तिनं पान दिलं, असं समजू नका. जवळ कुणी न बसणं म्हणजे काय, हे त्या जंगलात आणखी कुणाला कळणार होतं? तिनं फासा त्यांच्या पंजात ठेवला.

पडले सहा!

"भिंगरी उडाली!" सगुणा ओरडली. आणि महाराज पंजे पसरून वडाभोवती सुटले. दोन गिरक्या, तीन गिरक्या, आयाळ डोळ्यांवर! "उडतोय! अरे, मी उडतोय!" थकून बसले, तर ससा चक्क त्यांना खेटून बसला.

त्या दिवसापासून महाराज गुहेत परतलेच नाहीत. कुणी तक्रार आणली की मूठ ओठांना लावून म्हणायचे, "टाइमप्लीज! राज्य तिच्यावर आहे."

मग पाणवठ्याची भांडणंही सगुणाकडेच यायला लागली. ती फासा टाकायची. "चार. आज आधी हरणं पितील." पूर्वीपेक्षा कारभार पुष्कळ बरा चालला. कोल्होबा तर सांगत सुटले, "मूळ गोष्टीत पहिल्यापासून साळिंदरच राज्य करते!"

अजूनही रोज संध्याकाळी सगुणा विचारते, "उद्या राज्य कोण घेतं रे?" ससा कान खाजवतो. गोदाक्का रवंथ करते. आणि जंगलातली सगळ्यांत जड भिंगरी गोदाक्काच्या मागे लपते.

सगुणानं नवं पान लिहिलंय. ते काट्यांत खोचलेलं असतं.

ससा. काम: टाळ्या वाजवणे.

तात्पर्य: ज्याच्या अंगी गुण, त्याच्याकडे राज्य चालत येतं, असं मोठी माणसं सांगतात. थापा आहेत. बाकीच्यांना खेळायचं असतं, म्हणून ते येतं. तेव्हा मुलांनो, "राज्य कुणावर?" असं ऐकू आलं की आधी पळत सुटा. विचार करत उभा राहतो, तो राजा होतो.